पाणी गेले कुठे?

उन्हाळ्याचे पुराण दिवाळीच्या अंकात कशाला, असे कोणी विचारले तर माझे उत्तर तयार आहे. नागपूरच्या माणसाला उन्हाळ्याविषयी शांतपणे विचार करायला दिवाळीखेरीज दुसरी फुरसत नसते. मे महिन्यात तो विचार करीत नाही. तो नुसता तग धरतो. पावसाळ्यात झाले गेले विसरतो. दिवाळीची झाडझूड निघाली, खिडकीतला कूलर उतरून त्याच्या ताट्या माळ्यावर गेल्या आणि चकल्यांचे ताट मध्ये ठेवून मंडळी गोलाकार बसली, म्हणजे मग कोठे सरल्या उन्हाळ्याचा हिशेब निघतो. आमच्या घरी असा एक हिशेब २०१९ च्या दिवाळीत निघाला. तो पैशाचा नव्हता, पाण्याचा होता.

त्याचे असे झाले. माझा नातू तेव्हा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला होता. सुटे भाग आणून त्याने आपला संगणक स्वतःच जोडला होता, आणि चित्रे हलविण्या-बोलविण्याचे कसलेसे अवघड काम तो त्यावर तासन्तास करीत असे. एप्रिल लागला तसे ते यंत्र कण्हू लागले. आतले पंखे भिरभिरत, तरी डबा हाताला चटका देई. तेव्हा या पठ्ठ्याने गॅलरीत पी.व्ही.सी.चा पुरुषभर उंचीचा पाइप उभा केला. माथ्यावर न्हाणीघरातल्या शॉवरची जाळी, कुशीत दोन पंखे, बुडाशी बादली आणि बादलीत जुन्या कूलरचा पंप! संगणकाच्या पोटातून नळीने आलेले ऊन पाणी वरून धारांनी पडे, खालून चढणाऱ्या वाऱ्यात निवे, आणि बादलीतून पुन्हा संगणकाकडे जाई. यंत्र शांत झाले. मुलगा खूश झाला. पण घरात दुसराच ताप सुरू झाला.

"अहो, सकाळी बादली भरून ठेवते, संध्याकाळी तळ दिसतो," ही एक दिवस मला म्हणाली. "पाणी जाते तरी कुठे?"

"आजी, ते उडून जाते," नातवाने आतून उत्तर दिले.

"उडून जायला ते काय पाखरू आहे? आणि सगळेच उडते, तर गॅलरीत हा चिखल कशाचा?"

मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकविला. विज्ञानाशी माझा संबंध शेजारच्या वर्गातून ऐकू येईल तेवढाच. तरी त्या दिवशी मला वाटले, हिने विचारलेला प्रश्न चांगलाच जुना आहे. पाण्याने गारवा मिळविण्याच्या उद्योगाला या देशात कैक शतके झाली. त्यांपैकी पुष्कळ काळ माणसाला किती पाणी उडाले आणि किती नुसते सांडले, यांतला फरकच ठाऊक नव्हता, किंवा ठाऊक करून घेण्याची गरज वाटली नव्हती. तो फरक माणसे कशी शिकत गेली, त्याची ही हकीकत आहे.

प्रारंभ घडवंचीवरच्या माठापासून करू. माठ पाझरतो म्हणून त्यातले पाणी गार होते, हे आपल्या आजीपणजीला ठाऊक होते. चांगला भाजलेला, चकचकीत माठ पाणी गार करीत नाही म्हणून ती तो परत करी. माठाच्या अंगावर आलेल्या ओलाव्याची वाफ होते, आणि वाफ होताना ती माठातली उष्णता घेऊन जाते. एक लिटर पाणी असे वाफ झाले तर ते सुमारे २,४०० किलोज्यूल, म्हणजे विजेच्या भाषेत पाऊण युनिटाहून थोडी कमी उष्णता नेते. एवढासा लोटाभर पाणी, पण ओझे केवढे वाहते! मात्र हे ओझे वाहण्याची ताकद उडणाऱ्या पाण्यात आहे. माठाखाली सांडून जमीन ओली करणारे पाणी जवळजवळ काहीच नेत नाही. पुढच्या साऱ्या इतिहासाची किल्ली या एका गोष्टीत आहे.

दुसरी गोष्ट हवेची. हवा कोरडी असेल तर ती पाणी अधाशासारखे पिते. तापमापकाच्या फुग्याला ओले फडके गुंडाळून वाऱ्यावर धरला, तर तो ज्या अंशावर येऊन थांबतो त्याच्या खाली या रीतीने कोणाचीही वस्तू निवत नाही; मग तो माठ असो की मनोरा. नागपुरात मे महिन्याच्या दुपारी पारा ४३ अंशांवर असतो, पण हवेत ओलावा इतका कमी असतो की ओल्या फडक्याचा तापमापक २३-२४ अंशांच्या आसपास राहतो. जवळजवळ वीस अंशांची ही सूट निसर्गाने आपल्याला दिलेली आहे. मुंबईच्या माणसाला ती मिळत नाही. तिथला घाम अंगावरच बसून राहतो. म्हणून कूलर हे नागपूरचे दैवत आणि मुंबईला त्याचे नावही नाही.

ही सूट वसूल करण्याचे पहिले साधन वाळा. संस्कृतात याला उशीर म्हणतात. ‘शाकुंतला’त तापलेल्या शकुंतलेसाठी उशीराचा लेप नेत असल्याचा उल्लेख आहे. लेपावरून भिंतीवर वाळा केव्हा आला हे पाहू गेले तर अबुल फज़लच्या ‘ऐन-ए-अकबरी’कडे जावे लागते. बांबूच्या चौकटीत वाळ्याच्या मुळ्या भरून खोल्या उभारायच्या आणि त्यांवर पाणी शिंपडायचे, ही रीत अकबराच्या आज्ञेने रूढ झाली, असे त्याने नोंदविले आहे. बादशहाच्या घरी पाणी मोजायचे कोणी? भिश्त्याने मशक उपडी करावी, ताटी भिजावी, उरलेले पाणी फरशीवरून वाहून जावे. ताटीने जेवढे धरून ठेवले तेवढेच कामाला आले. पायथ्याशी गेले ते भिश्त्याच्या पाठीचे श्रम वाया घालवून गेले.

इंग्रज आले तेव्हा त्यांनी ताटी तशीच उचलली आणि तिच्यात एक यंत्र घातले. १८३० च्या सुमारास उत्तर हिंदुस्थानच्या बंगल्यांतून ‘थर्मँटिडोट’ नावाचे धूड दिसू लागले. एक मोठी लाकडी पेटी, तिच्या बाजूंना वाळ्याच्या ताट्या, वर भोके पाडलेले पाण्याचे पन्हळ आणि आत हाताने फिरवायचा पंखा. बाहेर उन्हात बसून माणूस दांडा फिरवी, आत साहेबाला सुगंधी गार वारा लागे. आजच्या कूलरकडे पाहिले तर त्याच पेटीचे हे पंतू आहे हे सांगायला नको; दांडा फिरविणारा माणूस जाऊन तिथे विजेची मोटर आली, एवढेच. मध्य प्रांताचे अधिकारी तरीही उन्हाळ्यात पचमढीला पळत. ज्यांना पळता येत नसे, ती सारी प्रजा ताटी, माठ आणि ओले पंचे यांवर भागवी.

आपल्या शहरात पाण्याने हवा ओली करण्याचे काम माणसासाठी नव्हे, तर सुतासाठी सुरू झाले, ही मोठी गमतीची गोष्ट आहे. १ जानेवारी १८७७ रोजी, म्हणजे व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केले त्याच दिवशी, जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल येथे सुरू झाली. जागा शुक्रवारी तलावाजवळची, दलदलीची. ती भरून काढायला कर्ज देण्याचे एका सावकाराने नाकारले. हा माणूस मातीत सोने गाडतो आहे, असे त्याचे मत पडले होते. पुढे त्यानेच आपले शब्द मागे घेतले म्हणतात. कापूस वऱ्हाडचा, कामगार इथले, सारे खरे. पण नागपूरची कोरडी हवा सुताला मानवेना. सूत कोरडे पडले की तटातट तुटते. जमशेटजींनी आणि त्यांचे व्यवस्थापक बेझनजी मेहता यांनी गिरणीत हवा दमट करणारी यंत्रे बसविली, तीही कायद्याने असे काही सांगण्याच्या कितीतरी आधी. तिथे पाणी बारीक तुषारांच्या रूपाने सोडावे लागे. थेंब जाड पडला तर तो हवेत न मिसळता खाली येऊन सूत भिजवी. ‘उडालेले’ आणि ‘सांडलेले’ यांतला फरक नागपूरने प्रथम गिरणीत पाहिला असावा, असे मला वाटते. गिरणी आता राहिली नाही. तलाव गांधीसागर या नावाने आहे.

घरोघरच्या कूलरला मात्र आणखी पुष्कळ वेळ लागला. १९२० ते १९४० च्या दरम्यान अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या वाळवंटी मुलखात लाकडाच्या बारीक कुरळ्या भुश्शाच्या ताट्या आणि विजेचा पंखा जोडून असे डबे तयार झाले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते आपल्याकडे पसरले. आमच्या शहराने त्यांना पत्र्याचे अंग दिले, वाळ्याचा वास दिला आणि पाण्याची टाकी दिली. या टाकीत खरी क्रांती होती. ताटीवरून ओघळलेले पाणी पूर्वी अंगणात जाई, ते आता टाकीत पडू लागले आणि पंपाने पुन्हा वर चढू लागले. सांडणारे पाणी परत फिरविण्याची ही पहिली काटकसर.

पण काटकसरीच्या पोटात एक खोड निघाली. पाणी उडते, क्षार उडत नाहीत. टाकीत तेच पाणी फिरत राहिले, नवे पाणी वरून पडत राहिले, की खारेपणा दिवसेंदिवस दाट होत जातो. ताटीवर पांढरा थर बसतो, वाळा कडक होतो, पंपाचे तोंड चोंदते. ताट्या बदलायला येणारा कारागीर दर वर्षी मला बजावतो, "आठ दिवसांनी टाकी रिकामी करत जा ना जी, नाही तं पंप गेलाच समजा." त्याचे म्हणणे पंपापुरते नाही. साचलेल्या टाकीत डेंग्यूचा डास वाढतो, म्हणूनही आठवड्यातून एक दिवस ती कोरडी करणे भाग आहे. म्हणजे जे पाणी उडत नाही आणि सांडतही नाही, असे तिसरे पाणी निघाले: जाणूनबुजून टाकून द्यायचे.

हे तीन हिशेब सर्वांत आधी नीट मांडले ते मोठ्या कारखान्यांनी. वाफेवर चालणाऱ्या वीजकेंद्राला आपली वाफ पुन्हा पाणी करण्यासाठी अफाट गारवा लागतो. नदी जवळ असली तर प्रश्न नाही. नसली तर तेच पाणी निववून पुन्हा पुन्हा वापरावे लागते. त्यासाठी १९१८ मध्ये हॉलंडमध्ये, हेर्लेनजवळच्या एम्मा नावाच्या कोळशाच्या खाणीवर, कंबरेत बारीक आणि वर पुन्हा रुंद होणारा काँक्रीटचा मनोरा उभा राहिला. फान इटर्सन आणि कायपर्स या दोन अभियंत्यांची ती रचना. आत पाणी वरून झरते, उष्ण ओली हवा आपोआप वर चढते, पंखाही नको.

मनोऱ्याच्या हिशेबनीसांनी पाण्याचे खर्च तीन खात्यांत घातले. पहिले खाते वाफेचे. फिरते पाणी सहा अंश निववायचे तर त्यातले साधारण शंभरातले एक लिटर उडालेच पाहिजे; त्यात घासाघीस नाही, कारण तीच गारव्याची किंमत आहे. दुसरे खाते शिंतोड्यांचे. वाऱ्याबरोबर बारीक थेंब जसेच्या तसे बाहेर जातात. ते काहीही काम न करता पळतात. ते अडविण्यासाठी मनोऱ्याच्या गळ्याशी नागमोडी पट्ट्या बसवितात. हवा वळणे घेत निघून जाते, थेंबाला वळता येत नाही, तो पट्टीवर आदळून परत खाली येतो. चांगल्या पट्ट्या असल्या तर लाख लिटर फिरले तरी पाच लिटरांपेक्षा अधिक शिंतोडा बाहेर जात नाही.

तिसरे खाते खारट पाण्याचे, आणि खरी बचत याच खात्यात दडलेली आहे. फिरत्या पाण्याचा खारेपणा नळाच्या पाण्याच्या दुप्पट होताच ते टाकायचे ठरविले, तर जेवढे उडते तेवढेच टाकावे लागते. पाचपट होईपर्यंत थांबता आले, तर उडाल्याच्या चौथाईत भागते. म्हणजे शंभर लिटर उडत असतील तर पहिल्या रीतीने एकूण दोनशे लागतील, दुसरीने सव्वाशे. यासाठी आधी पाण्यातला जडपणा काढावा लागतो, थर धरू नये म्हणून औषध घालावे लागते. तरी ते फायद्याचेच.

हे सारे आपल्या दारात पाहायचे तर कोराडीला जावे. १९७४ मध्ये तिथे वीजनिर्मिती सुरू झाली. आज ६६० मेगावॅटचे तीन संच चालतात. अशा केंद्रात एक युनिट विजेमागे मनोऱ्यातून साधारण दीड-दोन लिटर पाणी उडते. हे पाणी आणायचे कुठून? पेंचचे आणले तर शहराच्या तोंडचे काढावे लागते. तेव्हा महानगरपालिका आणि महानिर्मिती यांनी मिळून एक वेगळा मार्ग काढला. भांडेवाडीला शहराचे सांडपाणी शुद्ध करून दिवसाला १३ कोटी लिटर पाणी वीजकेंद्राकडे नेण्याची योजना झाली. पाण्याच्या शास्त्राला आपले शहर तसे परके नाही. आज ‘नीरी’ म्हणून ओळखली जाणारी संस्था १९५८ पासून इथेच आहे. पण मला या योजनेत शास्त्रापेक्षाही वेगळी गोष्ट भावली. आपण न्हाणीघरात सांडलेले पाणी कोराडीच्या मनोऱ्यावरून ढग होऊन उडते. सांडलेल्याला उडण्याची दुसरी संधी मिळते.

आता पुन्हा संगणकाकडे येऊ. संगणक आणि उष्णता यांचे नाते जन्मापासूनचे आहे. १९४६ मध्ये अमेरिकेत जगापुढे आलेल्या ‘एनिॲक’मध्ये सुमारे १८,००० काचेच्या नळ्या होत्या आणि त्याला दीडशे किलोवॅट वीज लागे. त्या विजेची शेवटी उष्णताच होते. केवळ वाफेने ती काढायची म्हटली तर तासाला सव्वादोनशे लिटर पाणी उडवावे लागले असते! आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ‘टिफ्रॅक’ हे यंत्र १९६० मध्ये कामाला लागले. त्यातही २,७०० नळ्या होत्या. पुढे नळ्या गेल्या, इवल्या चकत्या आल्या, पण ताप गेला नाही. १९९१ मध्ये पुण्याच्या सी-डॅकने ‘परम ८०००’ हा महासंगणक उभा केला. त्या कामाचे धुरीण विजय भटकर हे आपल्या नागपूरच्या विश्वेश्वरय्या महाविद्यालयातून १९६५ मध्ये अभियंते होऊन बाहेर पडलेले, हे इथल्या वाचकाला मी सांगणे म्हणजे अंबाझरीला पाणी पाजणे आहे. आज जगभर संगणकांची मोठमोठी भांडारे आहेत आणि त्यांतली पुष्कळशी मनोऱ्यांवर निवतात. आपण घरी बसून एखादे चित्र पाहतो, तेव्हा कुठे तरी थोडे पाणी उडतच असते.

आमच्या गॅलरीतला पाइप म्हणजे याच कुळातले शेंडेफळ होते. तेव्हा हिचा प्रश्न मी नातवापुढे मनोऱ्याच्या तीन खात्यांसह ठेवला. त्यालाही ते पटले. बादलीच्या आत त्याने लिटरालिटराच्या खुणा केल्या आणि एका जुन्या वहीत रोजची नोंद सुरू झाली.

आधी न्याय्य खर्च काढला. त्याचा संगणक कामात असताना तीनशे वॅट खातो. तेवढी उष्णता न्यायला तासाला अर्ध्या लिटरहून थोडे कमीच, म्हणजे साडेचारशे मिलिलिटरच्या आतबाहेर पाणी पुरे. आठ तासांचे साडेतीन लिटर. बादलीतून मात्र याच्या तिपटीच्या जवळपास जात होते. उरलेले कुठे जाते?

एक चोर लगेच सापडला. शॉवरच्या बारीक धारा पाइपच्या भिंतीवर आपटून फुटत, आणि जोरदार पंखे ते शिंतोडे वरच्या तोंडातून बाहेर फेकत. गॅलरीतला चिखल तो हाच. नातवाने जाड भोकांची जाळी लावली, पंखे भिंतीशी न आदळतील असे हलविले, वरच्या तोंडात कूलरच्या जुन्या मधमाशीच्या पोळ्यासारख्या ताटीचा तुकडा आणि त्यावर तिरप्या कापलेल्या पत्र्याच्या पट्ट्या बसविल्या. चिखल बंद झाला.

तरीही हिशेब जुळेना. दुसरा चोर ओळखायला आठवडा गेला, कारण तो चोरासारखा दिसतच नव्हता. गॅलरी पश्चिमेची. दुपारी तिथली ४३ अंशांची हवा पंखे पाइपमध्ये ओढत, आणि पाणी संगणकाबरोबर त्या हवेलाही निववीत बसे. शंभर घनमीटर हवा ४३ वरून २८ अंशांवर आणायला जवळजवळ दोन-तृतीयांश लिटर पाणी खर्ची पडते. म्हणजे आमची बादली संगणकापेक्षा गल्लीतल्या उन्हाशीच अधिक झुंजत होती! शकुंतलेला लेप लावायचा सोडून सगळ्या तपोवनालाच लेप लावीत सुटावे, तसा तो प्रकार. मग एक पंखा काढला, उरलेल्याचा वेग पाण्याच्या उष्णतेवर बांधला, म्हणजे पाणी पुरेसे गार झाले की तो मंद होई. पाइप सावलीत आणला. आणि जड काम रात्री करायचे असे ठरले. बादली निम्म्याहून अधिक वाचू लागली.

तिसऱ्या खात्याला मात्र हात लावताना त्याला मी थांबविले. आठवड्याने पाणी टाकायचे तेही वाचवू, असे त्याच्या मनात होते. मी कारागिराचे बोल ऐकविले. शेवटी तडजोड झाली. संगणकाच्या पोटात फिरणारे शुद्ध पाणी वेगळे केले. मनोऱ्याचे पाणी तांब्याच्या वेटोळ्याबाहेरून फिरून त्याला निववू लागले. आता क्षार जमले तरी ते यंत्राच्या अंगाला लागत नाहीत. दर रविवारी बादली रिकामी होई, आणि त्या पाण्याने ही गॅलरी धुवी. तुळशीला मात्र ती ते घालीत नसे. खारे पाणी तुळशीला देणे तिला मान्य नव्हते, आणि शेतीशास्त्रही तिच्याच बाजूचे आहे.

मग जुलै आला. त्या वर्षी पाऊस लांबला. पेंच नदीवरच्या तोतलाडोहचा साठा तळाला गेला आणि शहराला एक दिवसाआड पाणी मिळू लागले. ज्यांच्या घरी टाक्या होत्या ते निभावले. ज्यांच्या नव्हत्या त्यांनी पिंपे भरून ठेवली. आमच्या गल्लीत पहाटे घागरींच्या रांगा लागत. अशा दिवसांत गॅलरीत पाणी उडवीत बसणे शोभत नाही, हे मुलाला कोणी सांगावे लागले नाही. शिवाय हवा दमट झाली होती. ओल्या फडक्याचा पारा चढला होता आणि मनोऱ्याचे पाणी निवेनासे झाले होते. त्याने आपण होऊन पंप बंद केला, आणि मोटारीतून काढलेला एक जुना रेडिएटर लावून संगणक नुसत्या हवेवर, थोड्या कमी कामावर, चालू ठेवला.

दिवाळीत वही उघडली तेव्हा ही सारी कहाणी तिच्यात होती. नातू म्हणाला, "आजोबा, आता थंडी येते आहे. पाच महिने तरी रेडिएटरच पुरेल. पाणी फक्त मार्च ते जून." मला वाटते, सबंध वहीतली मोठी बचत हीच होती. पट्ट्या आणि पंखे यांनी वाचविले ते खरेच. पण ज्या ऋतूत पाण्याची गरज नाही त्या ऋतूत ते वापरायचेच नाही, हे सुचायला नातवाला एक अवर्षण पाहावे लागले.

मी त्याला एक शंका विचारली. "मग सरळ वातानुकूलन यंत्र घेतले तर? त्याला पाणीच लागत नाही." त्याने कागद पुढे ओढला. एक लिटर पाणी जेवढी उष्णता नेते तेवढी त्या यंत्राने काढायची तर सुमारे पाव युनिट वीज लागते, आणि ती करताना कोराडीला अर्ध्या लिटरच्या आसपास पाणी उडते; वर कोळसा जळतो तो वेगळाच. "पाणी लागत नाही असे नाही, आजोबा. ते आपल्याला दिसत नाही एवढेच."

बादशहाच्या ताटीपासून या वहीपर्यंतचा प्रवास मला तिथे पुरा झाल्यासारखा वाटला. भिश्त्याच्या मशकीतले पाणी बादशहाला दिसत नव्हते, तसेच कोराडीचे आपल्याला दिसत नाही. ज्याच्या बादलीला तळ दिसतो तोच हिशेब ठेवायला बसतो, आणि आमच्या घरी तो तळ पहिल्याने हिला दिसला.

ती वही अजून आहे. या दिवाळीच्या झाडझुडीत माळ्यावर ताट्यांच्या खाली सापडली. मुलगा आता नोकरीनिमित्त पुण्याला असतो, तो जुना संगणकही कधीच मोडीत गेला. वहीच्या पानांवर हिच्या हट्टाखातर आखलेले दोन रकाने आहेत, एक ‘उडाले’ आणि एक ‘सांडले’. मेच्या आरंभी दोन्ही रकान्यांत आकडे जवळजवळ बरोबरीचे आहेत. जूनच्या शेवटच्या पानावर दुसऱ्या रकान्यात मुलाने शून्य लिहिले आहे, आणि त्याखाली शिसपेन्सिलीने, हिच्या अक्षरात, एवढेच आहे: ‘गॅलरी पाहिली. कोरडी आहे.’